होकाराची जागा

किशोरी परबच्या स्टुडिओला स्टुडिओ म्हणायचं ते तिचं मन राखण्यासाठी. मालवणच्या बाजारात कापडाच्या दुकानावरची माडी, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गोधड्या, एक संगणक, दोन बरे स्पीकर आणि खिडकीखाली उगाच हॉर्न वाजवत राहणाऱ्या रिक्षा. पण त्या खोलीत बसून ती जे काम करायची ते मात्र अस्सल होतं. दशावताराच्या एखाद्या नाटकाचं लांबलचक रेकॉर्डिंग आलं की ती हेडफोन चढवून ऐकायला बसे आणि ऐकता ऐकता एक कळ दाबत जाई. दर वेळी पडद्यावरच्या आवाजाच्या लाटेवर एक बारीक झेंडी उभी राही. मार्कर म्हणतात त्याला. त्या झेंडीला नाव देता येतं, रंग देता येतो आणि मागाहून हव्या त्या झेंडीवर एका फटक्यात उडी मारता येते. किशोरीच्या झेंड्यांची नावं वाचण्यासारखी असत: 'राजा खवळला', 'नारद वाक्य विसरला', 'पेटीवाल्याला ठसका'. गिऱ्हाइकानं येऊन म्हणावं, "गो किशोरी, तो राक्षस पडता ना, तेवढोच माका व्हयो," आणि तो खुर्चीत नीट टेकायच्या आत हिनं राक्षस पाडून दाखवावा. या बाबतीत तिला गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत ती पडत नसे.

तिचं गाव देवखोल, खाडीच्या काठाला. तिथल्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घरी, म्हणजे तिचे वडील भिकाजी यांच्याकडे होता. घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार वाटते. तळकोकणात गाऱ्हाणं म्हणजे अख्ख्या गावाच्या वतीनं देवाशी केलेलं बोलणं. मानकरी देवाला हाक मारतो, मग गावाच्या सीमेवर बसलेल्या एकेका राखणदाराला नावानं हाक मारतो, गावाचं काय दुखतंखुपतं ते सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरतो. भिकाजी एकाही राखणदाराला वगळत नसत. गावावरच्या कातळी सड्यावरचा बामण, पाणंदीतला चाळेगत, बांधावरची भावई, खाडीच्या तोंडाचा राखणदार आणि त्याच्या पुढचे बाकीचे, सगळे ठरलेल्या क्रमानं यायचे. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. कागद बघून देवाशी बोलायचं नाही, हा घरचा दंडक.

श्रावणात भिकाजींना अर्धांगवायूचा झटका आला. गेलेला उजवा पाय थोडाथोडा परतला, पण वाचा काही परतली नाही. त्यांना समजायचं सगळं. डोळे चिडायचे, हसायचे, तोंडातून मात्र "आं" च्या पलीकडे काही फुटत नसे. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खा गाव होकार भरायचा, त्याला तहान लागली तर तांब्या वाजवावा लागे. किशोरी रोज संध्याकाळी घरी येई आणि तांब्याचा तो आवाज ऐकला की चपला न काढताच आत धावे.

दसऱ्याला देवळात बैठक बसली. कार्तिकातली जत्रा तोंडावर आली होती आणि औंदा गाऱ्हाणं कोण घालणार, हा प्रश्न होता. भिकाजींचे चुलतभाऊ परशुराम उठले. माणूस वाईट नव्हे, पण कुठल्याही गोष्टीचा पसारा त्यांना खपत नसे. लग्नाच्या जेवणालाही ते आधी जिलबी संपवून मोकळे व्हायचे.

"भिकाजी बरो होवन येतलो तेव्हा येतलो," ते म्हणाले. "औंदाचा गाऱ्हाणा मी घालतंय. पाच मिनटात. सगळ्या राखणदारांका एकदम हाक मारूया आणि मोकळे होवया. नावा आता कोणाक येतत?"

सगळ्या राखणदारांना एकदम! किशोरीला ते कानाखाली मारल्यासारखं लागलं. एकदा घाऊक हाक मारली की पुढच्या वर्षी नावं कोण आठवणार? आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर असं काही होतं हेच कुणाला माहीत नसणार. खुर्चीवर बसलेल्या भिकाजींनी डावा हात जोरात मांडीवर आपटला. त्या आवाजासरशी किशोरीच्या तोंडून निघून गेलं, "आमचो देवेश घालतलो. सगळ्या नावांसकट."

देवेश तिचा धाकटा भाऊ. तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवायचा. गडी बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही, पण पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद. शाळेत कवितेच्या तासाला तो हमखास आजारी पडायचा. त्या वेळी तो खांबाला टेकून मोबाईल चाळत होता. आपलं नाव ऐकून दचकला.

"गो बाये, माका इचारशीत तरी!" बाहेर आल्यावर तो कळवळून म्हणाला.

"इचारला असता तर तू नायच म्हटला असतस."

परशुरामकाकांनी अट घातली. जत्रेच्या आदल्या रविवारी परबांच्या अंगणात, चार माणसांसमोर देवेशनं गाऱ्हाणं म्हणून दाखवायचं. जमलं तर मान त्याचा. नाही जमलं तर काकांचं पाच मिनिटांचं.

दुसऱ्या दिवसापासून किशोरी कामाला लागली. गावात, मुंबईत, जिथे जिथे कुणी आबांचं, म्हणजे भिकाजींचं, गाऱ्हाणं मोबाईलवर घेतलं होतं ते तिनं मागवलं. शेजारच्या नर्मदाकाकींनी ट्रंकेतून एक कॅसेट काढून दिली. किशोरीनं स्वतः दोन वर्षांपूर्वी चांगल्या यंत्रावर घेतलेलं रेकॉर्डिंग होतंच, पण तेही अर्धंच. कुणीतरी माइकच्या स्टँडला नारळांची पिशवी अडकवली होती आणि स्टँड आडवा झाला होता. एकही रेकॉर्डिंग धड नव्हतं. एकात फटाके, एकात कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं, एकात तर चित्रण करणारा माणूसच मधून मधून बायकोला हाका मारत होता. पण एकाचं फाटलेलं दुसऱ्यात शाबूत होतं. तिनं संगणक घरी आणला, सगळी रेकॉर्डिंगं पडद्यावर एकाखाली एक लावली आणि आबांना शेजारी खुर्ची दिली.

ते दिवस तिला फार आवडले. ती आवाज लावी, नाव आलं की कळ दाबी, झेंडी उभी करी आणि मोठ्यानं विचारी, "आबा, ह्यो पाणंदीतलो चाळेगत मां?" बरोबर असलं तर आबा डाव्या हातानं टेबलावर एक थाप मारत. चुकलं तर तळहात असा हलवत की हिनं मान खाली घालावी. देवांना हिरवी झेंडी, राखणदारांना तांबडी, गावाच्या मागण्यांना पिवळी. हळूहळू पडदा पताका लावलेल्या मांडवासारखा दिसायला लागला. आई, जानकी, चहा घेऊन येई आणि नवऱ्याचा जुना आवाज खोलीत घुमत असला की दारातच थबकून उभी राही. चहा निवून जाई.

सगळी नावं हाती लागली आणि किशोरीनं आपल्या अकलेनं आवाज साफ करायला घेतला. फटाके गेले, पोर गेलं, बायकोला हाका मारणारा माणूस गेला. मग उरलेला गोंगाट काढायचा म्हणून तिनं प्रत्येक "व्हय म्हाराजा" सुद्धा काढला आणि मधल्या मोकळ्या जागा मिटवून टाकल्या. आबांचा आवाज कुठे लहान, कुठे मोठा येत होता, तोही एका पातळीवर आणला. उरलं ते निव्वळ गाऱ्हाणं, एकसलग, काचेसारखं स्वच्छ. ते देवेशच्या मोबाईलवर घालताना ती म्हणाली, "घे. ह्येच्यापेक्षा सोप्या करून कोण दिवचा नाय."

देवेशनं बोटीवर, मोटरसायकलवर, जेवताना, जिथे तिथे ते कानात घालून ऐकलं. आणि नवल म्हणजे त्याला ते आलं! एका सकाळी आंघोळीच्या खोलीतून त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं म्हटलं. जानकीचे डोळे भरले. किशोरी तर अशी मिरवत होती की जणू देवेशच्या डोक्यात तिनंच झेंड्या रोवल्या होत्या. आबा मात्र टेबलावर थाप मारेनात. ते नुसते देवेशकडे बघत राहिले. किशोरीला वाटलं, त्यांना भरून आलंय.

रविवार उजाडला. अंगणात चार माणसं म्हणता म्हणता निम्मा गाव जमला. परशुरामकाका पुढच्या खुर्चीत. देवेशनं हात जोडले आणि सुरुवात झोकात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

देवेश दचकला. क्षणभर थांबला, मग पुढचं वाक्य पकडलं. पुन्हा "व्हय म्हाराजा!" या वेळी त्याला एक वाक्य मागे जावं लागलं. तिसऱ्या होकारानंतर तो सड्यावरच्या बामणावरून थेट खाडीवर जाऊन पडला. चौथ्यानंतर तोंड उघडं ते उघडंच. एकसलग ऐकून पाठ केलेलं ते, मध्ये कुणी बोललं की दोराच तुटायचा. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. मागे कुणीतरी हसलं.

"पोराचो काय एक दोष नाय," परशुरामकाका उठत म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच माया होती. त्यामुळे ते जास्तच झोंबलं. "पण ह्या तेका जमाचा नाय. गाऱ्हाणा मी घालतंय."

"काकानू, जत्रेच्या सकाळपर्यंत थांबा," किशोरी पुढे आली. तिचे कान तापले होते. "चूक तेची नाय, माझी आसा."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग भिकाजींकडे. "बरा. पण देवाच्या पुढ्यात आडाखलो तर मी थयसरच पुढे येतलंय. मगे रागावचा नाय."

माणसं पांगली. देवेश बोटीवर निघून गेला. किशोरीनं संगणक उघडला, पण आपल्या त्या काचेसारख्या स्वच्छ गाऱ्हाण्याकडे तिला बघवेना. ज्याला आपण गोंगाट समजून कापून टाकलं, तो सगळा गाव होता! गाऱ्हाणं एकट्यानं घालायचं असतं तर आबांनी ते घरी पाटावर बसून घातलं नसतं का? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं ते सगळं काम बाजूला सारलं आणि दोन वर्षांपूर्वीचं आपलं मूळ रेकॉर्डिंग काही एक न कापता, होकारांसकट पहिल्यापासून लावलं.

आता ऐकताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. आबांचं वाक्य संपे, गाव होकार भरी आणि होकार ओसरला की आबांचा आवाज परत येई तो आधीपेक्षा वेगळ्या अंगानं. कधी तोंडासमोरून, कधी कडेनं, कधी पाठमोरा असल्यासारखा दबका. स्टँड आडवा होईपर्यंत माइक तर जागचा हलला नव्हता. हा लहानमोठेपणा तिनं दोष समजून सपाट केला होता. तिनं तेच पाचसहा वेळा ऐकलं आणि खुर्ची वळवली.

"आबा, तुमी गाऱ्हाणा घालताना फिरतास?"

आबांच्या डोळ्यांत असा काही प्रकाश पडला की त्यांना बोलायची गरजच उरली नाही. इतकी वर्षं देवळात एवढी माणसं उभी राहायची, पण हे कुणी बघितलंच नव्हतं. कसं बघणार? गाऱ्हाणं सुरू झालं की सगळा गाव डोळे मिटून, मान खाली घालून उभा. किशोरीचे डोळे उघडे असत, पण ते यंत्राच्या काट्यावर. आबांनी डावा हात उचलला. आधी उगवतीला, सड्याच्या दिशेनं धरला. तिथेच ठेवला. मग सावकाश, अगदी सावकाश, तो पाणंदीकडे वळवला. पुन्हा थांबले. तिथून बांधाकडे. तिथून खाडीकडे, आणि तसाच पुढे. गावाची सीमा त्यांनी हातानं फिरून दाखवली, आणि एका राखणदाराकडून दुसऱ्याकडे जाताना तो हात जेवढा वेळ हवेत चालायचा, तेवढाच वेळ होकाराचा होता. गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा तेवढ्यात आबा पुढच्या राखणदाराकडे पोचायचे.

देवेश परतला तो तोंड पाडून. हातपाय न धुताच ओट्यावर बसला.

"देवेश, दर्यातल्या खडपातसून बोट काढतस ती काय पाठ करून?" किशोरीनं त्याला विचारलं.

"पाठ कित्याक?" तो वैतागला. "खुणा आसत. देवळाचो कळस माडाच्या आड गेलो की बोट डावीकडे घेवची. मगे दुसरी खूण दिसापर्यंत गप ऱ्हवाचा."

"आणि मदी?"

"मदी काय? मदी बोट जाता."

किशोरीनं त्याच्या पाठीत असा दणका घातला की तो ओट्यावरून पडता पडता वाचला.

तिनं सगळ्या झेंड्या पुसल्या. हिरव्या, तांबड्या, पिवळ्या, एकूणएक. पुसताना जरा जिवावर आलं, कारण देखणं काम होतं ते. मग कापलेला प्रत्येक होकार जागच्या जागी बसवला आणि नव्या झेंड्या फक्त होकारांवर लावल्या. नाव राखणदाराचं नाही, तिथे उभं राहिल्यावर समोर काय दिसतं त्याचं: 'सड्यावरचा मोडका काजू', 'पाणंदीतली पायऱ्यांची घाटी', 'बांधावरचं सुरंगीचं झाड', 'खाडीचं तोंड'. आबा शेजारी बसून टेबलावर थापा मारत होते, आणि या वेळी एकही थाप कंजूष नव्हती.

सकाळी दोघं बहीणभाऊ मोटरसायकलवर बसून सीमेवर निघाले. देवेश पुढे, किशोरी मागे, हातात मोबाईल आणि छोटा स्पीकर. सड्यावर बामणाच्या दगडाशी थांबायचं, त्या झेंडीपासून आबांचा आवाज लावायचा, देवेशनं तसं म्हणायचं आणि गाडीला किक मारून पुढच्या राखणदारापर्यंत दोघांनी वाटभर "व्हय म्हाराजा!" ओरडत जायचं. भातकापणीचे दिवस. मळ्यांत वाकलेल्या बायामाणसांनी आधी माना वर करून बघितलं. परबांची दोन्ही पोरं एकदम बिघडली, असंच त्यांना वाटलं असणार. दुसऱ्या फेरीला एका मळ्यातून कुणीतरी चेष्टेनं होकार दिला, "व्हय म्हाराजा!" देवेशनं गाडी थांबवली, मळ्याकडे तोंड करून पुढचं वाक्य टाकलं. तिकडून चार आवाज आले. बांधापलीकडून आणखी दहा. नर्मदाकाकी विळा वर करून ओरडल्या, "देवेशा, आमची म्हस गाभण आसा, तीचा पण सांग रे!" आणि देवेशनं सांगितलं! मळ्यात हशा पिकला, पण होकारही पडला. त्या दिवसापासून दोघं निघाली की शेतं वाटच बघत. हळूहळू स्पीकर बंद झाला, मोबाईल खिशात गेला. देवेश दगडासमोर उभा राही, होकार येईस्तोवर दम धरी आणि मगच वळे. पाठ केलेलं काही आठवायचं उरलंच नव्हतं. पुढचा राखणदार समोर दिसत होता, त्याला हाक मारायची होती, बस्स.

जत्रेची सकाळ. देवळाच्या वाटेला खाजेवाल्यांची, खेळणीवाल्यांची दुकानं लागली होती, ओट्या घेऊन बायकांची रांग पार तळीपर्यंत गेली होती. ओट्या सुरू व्हायच्या आधी गाऱ्हाणं. सभामंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे खुर्चीत आबा, धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. त्यांच्या मागे परशुरामकाका, कुठल्याही क्षणी पुढे व्हायच्या तयारीत. किशोरीनं माइकचा स्टँड लावला, त्याच्यावर कुणी पिशवी अडकवू नये म्हणून स्वतः शेजारी उभी राहिली, आणि ठरवून टाकलं की आज डोळे मिटायचे नाहीत.

देवेशनं देवासमोर नारळ ठेवला. गाव डोळे मिटून उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे जमली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवेश उगवतीला वळला. घाई नाही, गडबड नाही. होकार शेवटच्या खांबापर्यंत जाऊन विरला, तेव्हा तो सड्याकडे तोंड करून उभा होता.

"सड्यावरच्या बामणा म्हाराजा! वाऱ्यावावटळीत, इजेकडकडाटात माझ्या गावावर हात धर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाणंदीतला चाळेगत आला. बांधावरची भावई आली. एक नाव चुकलं नाही, एक मागेपुढे झालं नाही. हा आबांचा आवाज नव्हता. आबा गंभीर, देवेशच्या बोलण्यात बोटीवरचा खुलेपणा होता, पण हाक तीच होती. मळ्यातले सगळे आवाज आता मंडपात होते आणि होकार असा चढत होता की घंटांचे लोलक थरथरत होते.

देवेश खाडीच्या दिशेला वळला. "खाडीच्या तोंडाच्या राखणदारा म्हाराजा! जो कोण दर्यात गेलो आसा, जो कोण परमुलखात गेलो आसा, तेका घराक सुखरूप..."

नेमक्या त्याच वेळी बाहेर कुण्या उतावळ्या चाकरमान्यानं फटाक्यांची माळ लावली. देवेशनं वाक्य पुरं केलं, त्याचे ओठ किशोरीला दिसले, पण शब्द कुणापर्यंत पोचले नाहीत. माळ संपली. देवळात शांतता पडली.

होकार आला नाही.

देवेश खाडीकडे तोंड करून उभा राहिला. पुढे गेला नाही आणि मागेही आला नाही. माणसांनी एकेक डोळा उघडला. काय झालं? विसरला? कुजबुज सुरू झाली. परशुरामकाकांनी उपरणं सारखं केलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. किशोरीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, तो विसरला नाही, तो तुमची वाट बघतोय! पण गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलायचं कसं? तिनं माइकचा स्टँड घट्ट धरला.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. खरखरीत, जड, जिभेला ओढत आणल्यासारखा. पण शब्द दोन्ही पुरे होते.

"व्हय... म्हाराजा."

आबा बोलले होते. देवेशच्या सर्वांत जवळ तेच बसले होते, वाक्य त्यांनी एकट्यांनी ऐकलं होतं आणि होकार द्यायचा राहिला होता तो त्यांनी दिला होता. आयुष्यभर हाक मारणाऱ्या माणसानं पहिल्यांदा होकार भरला. जानकीनं बायकांच्या रांगेतून हंबरडा फोडला. देवेश वळला, बापाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

"थांबलस कित्याक?" परशुरामकाका कडाडले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "बापाशीन होकार दिलो मां? चल, फुडे चल! एकाक पण सोडू नको!" आणि त्यांनी स्वतःच हात वर करून अशी आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजाऽऽ!" की सगळा मंडप, रांगेतल्या बायका, बाहेरचे खाजेवाले, एकजात सगळे त्यात सामील झाले.

देवेशनं नाक पुसलं आणि पुढच्या राखणदाराकडे वळला.

मग गाऱ्हाण्याला जी चाल आली ती देवखोलात कुणी पूर्वी ऐकली नव्हती. देवेश हाक मारी, गाव होकार भरी, आणि गावाचा होकार विरला की खुर्चीतून आबांचा यायचा, एकटा, उशिरा, लंगडत. पहिल्या एकदोन वेळा लोक गोंधळले. मग सगळ्यांनाच कळलं. देवेश आबांचा होकार येईपर्यंत वळत नव्हता आणि गावही तोवर श्वास रोखून उभा राहत होता. गाऱ्हाणं लांबलं. ओट्यांची रांग उन्हात तिष्ठली. कुणीही कुरकुर केली नाही. किशोरी माइकशेजारी उभी राहून रडत होती आणि हसत होती. यंत्राकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

सगळी सीमा फिरून देवेश पुन्हा देवासमोर आला. हात जोडले.

"तर ह्या गावाचा, ह्या लेकरांचा, हयसर आसा तेचा आणि नाय तेचा, सगळ्यांचा भला कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं.

आवाज कौलांवरून बाहेर गेला, माडांत शिरला, संपला. देवेश हात जोडून तसाच उभा. परशुरामकाका उभे. जानकी, नर्मदाकाकी, रांगेतल्या बायका, मुंबईहून आलेले, बाहेर उन्हात थांबलेले, सगळे उभे. अख्खा देवखोल गाव एका माणसासाठी थांबला होता, आणि आबांनी सावकाश, एकेक अक्षर उचलून, मान ताठ करून म्हटलं,

"व्हय म्हाराजा."